पहिल्या घरासाठी सरकारी व्याज अनुदान: पुण्यातील नवख्या खरेदीदाराने पात्रता कशी तपासावी

पुण्यात पहिले घर घेऊ पाहणारे कुटुंब बहुधा रविवारी सॅम्पल फ्लॅट पाहायला जाते. घर मनात भरते, विक्री कार्यालयातील माणूस "पंतप्रधान आवासचे पैसे तुम्हाला मिळतीलच" असे सांगतो, त्या भरात टोकनचा धनादेश दिला जातो, आणि पात्रतेचा खरा प्रश्न दोन महिन्यांनी बँकेच्या टेबलावर निघतो. हा क्रम उलटा करावा, एवढ्यासाठीच हा लेख आहे. सरकारी मदतीच्या गृहकर्जाची पात्रता एकदाच तपासली जात नाही. योजना कुटुंबाला तपासते, बँक उत्पन्नाला तपासते आणि बँकेचा वकील जागेला तपासतो. एकच कुटुंब आणि एकच घर या तिन्ही कसोट्यांना उतरावे लागते.

आधी योजनेविषयी. प्रधानमंत्री आवास योजना – नागरी २.० ही १ सप्टेंबर २०२४ पासून सुरू झाली असून पाच वर्षांत शहरी भागातील एक कोटी कुटुंबांना साहाय्य देण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. तिचे चार घटक आहेत. त्यांपैकी बाजारातून, स्वतःच्या पसंतीचे घर कर्ज काढून घेणाऱ्यासाठी असलेला घटक म्हणजे व्याज अनुदान योजना. यात कर्जाच्या पहिल्या ८ लाख रुपयांवर, १२ वर्षांपर्यंतच्या मुदतीसाठी, ४ टक्के व्याज अनुदान मिळते. त्याची कमाल रक्कम १.८० लाख रुपये असून ती पाच वार्षिक हप्त्यांत कर्जखात्यात जमा होते. अजूनही अनेक जण २.६७ लाख रुपयांचा आकडा सांगतात. तो जुन्या योजनेचा आहे, आणि त्या योजनेची मुदत आर्थिकदृष्ट्या दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी ३१ मार्च २०२२ रोजी संपली. कोणी आजही तो आकडा सांगत असेल, तर त्याच्या बाकीच्या माहितीवरही विसंबू नये. नव्या योजनेत १ सप्टेंबर २०२४ रोजी किंवा त्यानंतर मंजूर झालेलेच कर्ज ग्राह्य धरले जाते.

पहिली पायरी: कुटुंब आणि नावावरचे घर

योजनेच्या दृष्टीने कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुले-मुली. यांपैकी कोणाच्याही नावावर भारतात कोठेही पक्के घर नसावे, आणि गेल्या २० वर्षांत केंद्र, राज्य किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेच्या कोणत्याही घरकुल योजनेचा लाभ घेतलेला नसावा. "भारतात कोठेही" हे दोन शब्द पुणेकरांना जड जातात, कारण इथल्या नोकरदार वर्गातील फार मोठा भाग सातारा, सोलापूर, मराठवाडा, विदर्भ, खानदेश अशा ठिकाणांहून आलेला आहे आणि जवळजवळ प्रत्येकाचे गावाकडे काही ना काही आहे.

गावाकडचे घर वडिलांच्या नावावर असेल आणि अर्जदार विवाहित असेल, तर वरील व्याख्येप्रमाणे वडील त्याच्या कुटुंबात मोडत नाहीत; म्हणजे केवळ वडिलांचे घर आहे एवढ्याने तो अपात्र ठरत नाही. मात्र वडिलांच्या पश्चात वारसनोंद होऊन मुलांची नावे त्या घराला लागली असतील, तर प्रश्न वेगळा होतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ (घरपट्टीच्या आकारणीची नोंद) किंवा गावठाणातील मिळकतपत्रिका काढून स्वतःचे नाव तेथे आहे का, हे अर्जापूर्वीच पाहावे. कित्येकांना आपले नाव लागल्याचे ठाऊकही नसते. भावाने किंवा तलाठ्याकडे जाणाऱ्या चुलत्याने ते परस्पर लावून घेतलेले असते. अविवाहित अर्जदाराने तर अधिकच सावध राहावे, कारण व्याख्येनुसार तो किंवा ती आई-वडिलांच्या कुटुंबात धरली जाते आणि त्यामुळे आई-वडिलांच्या घराचा प्रश्न थेट आड येतो. अशा वेळी तोंडी आश्वासनावर न थांबता कर्ज देणाऱ्या संस्थेकडून लेखी उत्तर घ्यावे. नुसती शेतजमीन असणे म्हणजे पक्के घर असणे नव्हे, हेही येथेच सांगून ठेवतो.

दुसरी पायरी: उत्पन्न, आणि सारख्या नावांचा घोटाळा

व्याज अनुदानासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ९ लाख रुपयांपर्यंत असावे लागते. ३ लाखांपर्यंत आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, ३ ते ६ लाख अल्प उत्पन्न गट आणि ६ ते ९ लाख मध्यम उत्पन्न गट अशी विभागणी आहे. महिन्याचा हिशेब केला, तर ९ लाख म्हणजे ७५ हजार रुपये. पती-पत्नी दोघेही कमावते असलेल्या घरात ही मर्यादा सहज ओलांडली जाते.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. पुण्यातील बहुतेकांनी हे गट प्रथम ऐकलेले असतात ते म्हाडाच्या सोडतीच्या जाहिरातीत, आणि म्हाडाची उत्पन्न मर्यादा निराळी आहे. पुणे महानगर प्रदेशात म्हाडाच्या दृष्टीने ६ लाखांपर्यंतचे उत्पन्न अत्यल्प गटात, ६ ते ९ लाख अल्प गटात, ९ ते १२ लाख मध्यम गटात आणि त्यापुढचे उच्च गटात येते. त्यामुळे वर्षाला ८ लाख कमावणारे कुटुंब म्हाडाच्या अर्जात "अल्प उत्पन्न" आणि केंद्राच्या योजनेत "मध्यम उत्पन्न" ठरते. दोन्ही नोंदी आपापल्या जागी बरोबर असतात. पण एकीकडचा शब्द दुसरीकडच्या अर्जात लिहिला, की अर्ज अडकतो.

तिसरी पायरी: तीन कमाल मर्यादा आणि हातातील रोकड

घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत आणि चटई क्षेत्र (भिंतींच्या आतील वापरण्याजोगी जागा) १२० चौरस मीटरपर्यंत, या तिन्ही अटी एकाच वेळी पाळाव्या लागतात. तिसरीची पुण्यात फारशी चिंता नको. ३५ लाखांत सुमारे १,२९० चौरस फूट चटई क्षेत्र देणारे घर या शहरात कोणी दाखवले, तर आधी त्याच्या कागदपत्रांविषयीच शंका घ्यावी. खरी कसोटी पहिल्या दोन अटींची आहे. कोथरूड, बाणेर, औंध या भागांचा विचार ३५ लाखांत संपतोच. शोध आपोआप वाघोली, मांजरी, चाकण, तळेगाव अशा कडेच्या भागांकडे वळतो. पार्किंग, विकास शुल्क, सोसायटीची ठेव यांसह बिल्डर जे "पॅकेज" सांगतो, त्यातील कोणता आकडा घराची किंमत म्हणून धरला जाईल, हे कर्जदात्याला आधी विचारावे. किंमत मर्यादेत बसवण्यासाठी करारात कमी रक्कम दाखवून उरलेली रोखीने देण्याचा सल्ला मिळाला, तर तो मुळीच स्वीकारू नये. तो बेकायदेशीर आहे, त्या रोख रकमेची पावती मिळत नाही, आणि मुद्रांक शुल्क करारातील किंमत व रेडी रेकनरची (सरकारने ठरवलेली) किंमत यांपैकी जास्त असेल तिच्यावर भरावेच लागते.

आता हिशेब मांडू. घर ३५ लाखांचे आणि कर्ज २५ लाखांचे घेतले, तर १० लाख रुपये स्वतःचे लागतात. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क, स्थानिक अधिभार आणि मेट्रोचा अधिभार मिळून पुरुष खरेदीदारास ७ टक्के, म्हणजे २.४५ लाख रुपये भरावे लागतात. नोंदणी शुल्क १ टक्का, पण कमाल ३० हजार रुपये. बांधकाम चालू असलेले घर परवडणाऱ्या घराच्या व्याख्येत बसत असेल, तर १ टक्का जीएसटी, म्हणजे ३५ हजार. एकूण १३.१० लाख रुपये हातात हवेत. यात बँकेचे प्रक्रिया शुल्क, वकिलाची फी आणि घरात पंखे-दिवे लावण्याचा खर्च धरलेलाच नाही.

हेच घर २७ लाखांचे असते तर? रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज देऊ शकते. म्हणून २४ लाखांचे कर्ज मिळाल्यास स्वतःचे ३ लाख, शुल्क १.८९ लाख, नोंदणी २७ हजार आणि जीएसटी २७ हजार, असे ५.४३ लाख रुपये लागतात. घराच्या किमतीत ८ लाखांचा फरक पडला, आणि हातातील रोकडीतही जवळपास तेवढाच, ७.६७ लाखांचा फरक पडला. कारण उघड आहे: पहिल्या घरात योजनेची २५ लाखांची मर्यादा आड येते, दुसऱ्यात येत नाही. महिना ५० हजार मिळवणाऱ्या कुटुंबाला मासिक हप्त्यापेक्षा ही सुरुवातीची रक्कम जड जाते, आणि नेमक्या याच रकमेसाठी लोक वैयक्तिक कर्ज काढतात, ज्याचा हप्ता पुढे गृहकर्जाच्या पात्रतेलाच खातो. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च ९० टक्क्यांच्या हिशेबात धरला जात नाही, हे लक्षात ठेवावे. घराची किंमत १० लाखांपर्यंत असेल तरच त्यात सवलत आहे, आणि पुण्यात ती सवलत कागदावरच राहते.

चौथी पायरी: बँकेची कसोटी

योजनेत पात्र असणे म्हणजे कर्ज मंजूर होणे नव्हे. अनुदान सरकार देते, कर्ज मात्र बँक देते, आणि ती आपल्याच निकषांवर देते. साडेआठ टक्के दराने २० वर्षांसाठी २५ लाखांच्या कर्जाचा हप्ता सुमारे २१,७०० रुपये येतो. चालू असलेले सर्व हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या साधारण निम्म्याच्या आत असावेत, अशी बँकांची सर्वसाधारण अपेक्षा असते. म्हणजे ५० हजारांच्या उत्पन्नात हे कर्ज बसते, पण त्याच घरात दुचाकीचा आणि मोबाइलचा हप्ता चालू असेल तर बसेलच असे नाही. घर शोधण्याच्या सहा महिने आधी असे छोटे हप्ते संपवून टाकावेत. चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा स्वतःचा पतअहवाल विनामूल्य मिळतो. तो मागवून त्यात फेडलेले कर्ज थकीत म्हणून दिसत नाही ना, हे पाहावे. ओळखीच्या एका गृहस्थांचे कर्ज मित्रासाठी जामीन राहिल्यामुळे अडकले होते. तो जामीन त्यांना आठवतही नव्हता, पण अहवालात तो होता.

रिक्षाचालक, पोळी-भाजीचा व्यवसाय करणाऱ्या महिला, मंडईतील गाळेधारक, पगाराची पावती नसलेले कारागीर यांच्यासाठी एक तरतूद आहे, तिची चर्चा फार कमी होते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल व अल्प उत्पन्न गटांतील पहिल्या घराच्या कर्जाला हमी देणारा पतजोखीम हमी निधी केंद्राने उभा केला असून, २०२४ च्या निर्णयात त्याचा निधी १,००० कोटींवरून ३,००० कोटी रुपये करण्यात आला. ही हमी कर्ज देणाऱ्या संस्थेला असते. कर्जदाराचे हप्ते तिने माफ होत नाहीत. तरीही अनियमित उत्पन्नाच्या अर्जाला थेट "नाही" ऐकू आले, तर ही संस्था या निधीखाली कर्ज देते का, असे नाव घेऊन विचारावे. त्यासोबत बँकखात्यातील वर्षभराची जमा, यूपीआयचे व्यवहार, परवाना आणि भरलेली विवरणपत्रे दाखवता आली पाहिजेत. रोखीचा धंदा करणाऱ्याने किमान वर्षभर आधीपासून रोजची जमा खात्यात टाकण्याची सवय लावावी, याहून उपयोगी सल्ला मला सुचत नाही.

कर्ज कोणाकडून घ्यायचे, हेही ठरलेले आहे. राष्ट्रीय आवास बँक, हुडको आणि स्टेट बँक या तीन केंद्रीय समन्वय संस्थांशी जोडलेल्या बँका व गृहवित्त कंपन्यांमार्फतच अनुदान येते. कार्यालयातील पगारदार पतसंस्थेचे कर्ज सोयीचे वाटले, तरी त्यावर हे अनुदान मिळणार नाही असे समजूनच निर्णय घ्यावा.

पाचवी पायरी: जागेची कसोटी

शहराच्या कडेला स्वस्त घर शोधताना "एक गुंठा, लोन करून देतो" अशा पाट्या दिसतात. गुंठेवारीतील, म्हणजे जमिनीचे लहान तुकडे पाडून विकलेल्या जागेवरील, आराखडा मंजूर नसलेल्या बांधकामाला नामांकित बँक कर्ज देत नाही. आणि असे कर्ज नाही, म्हणजे अनुदानही नाही. म्हणून प्रकल्पाचा महारेरा क्रमांक, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाकडील नोंदणी क्रमांक, पाहावा. महारेराच्या संकेतस्थळावर मंजूर नकाशे, पूर्णत्वाची तारीख, तिला मिळालेल्या मुदतवाढी आणि चालू दावे दिसतात. नोंदणीकृत करार करण्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम बिल्डरला घेता येत नाही, हा कायदा आहे. टोकन देताना तो आठवावा. जुने घर असेल तर साखळी करार (आधीच्या मालकांमधील व्यवहारांचे करार), इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातील व्यवहाराचा उतारा), भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा दाखला) आणि सोसायटीचा ना हरकत दाखला मागावा. २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत आली, त्याआधी २०१७ मध्ये ११ आली, आणि पुढे फुरसुंगी व उरुळी देवाची पुन्हा बाहेर काढण्यात आली. त्यामुळे आपले घर आज कोणाच्या हद्दीत आहे, परवानगी कोणी दिली आणि तो भाग योजनेच्या शहरी क्षेत्रात धरला जातो का, हे त्या पत्त्यानिशी तपासावे लागते. जाहिरातीवर "पुणे" लिहिलेले असते, एवढ्याने काही सिद्ध होत नाही.

सहावी पायरी: घर कोणाच्या नावे

योजनेची अपेक्षा अशी आहे, की घर कुटुंबातील कर्त्या स्त्रीच्या नावे किंवा पती-पत्नींच्या संयुक्त नावे असावे. महाराष्ट्रात स्त्री खरेदीदारास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, पण खरेदीदार केवळ स्त्री किंवा स्त्रियाच असतील तरच. पतीचे नाव जोडले की सवलत जाते. ३५ लाखांच्या घरात ही सवलत ३५ हजारांची होते, म्हणजे अनुदानाच्या एका वार्षिक हप्त्याइतकी. घर पत्नीच्या एकटीच्या नावे घेऊन पतीने सहकर्जदार राहता येते. मात्र मालकी नसलेल्या पतीला त्या कर्जाच्या व्याजावर प्राप्तिकरातील वजावट मागता येत नाही. उत्पन्न ९ लाखांच्या आत असलेल्या कुटुंबाला ती वजावट बहुधा फार मोठी नसते, म्हणून मी तरी पत्नीच्या नावाकडे झुकतो. निर्णय साठेखताआधी, म्हणजे घर विकत घेण्याचा करार नोंदवण्याआधी, व्हावा. नंतर नाव बदलणे महागात पडते.

अर्जासाठी कुटुंबातील सर्वांची आधार कार्डे, आधारशी जोडलेले बँकखाते, उत्पन्नाचा पुरावा आणि पक्के घर नसल्याचे प्रतिज्ञापत्र लागते. अर्ज योजनेच्या एकत्रित संकेतस्थळावर स्वतः भरता येतो. त्यासाठी एजंटाला पैसे देण्याचे कारण नाही. सर्वांत जास्त वेळ खाते ती नावातील तफावत: आधारवर सासरचे नाव, पॅनवर माहेरचे, पासबुकात आडनाव आधी. घर पाहायला निघण्यापूर्वी ही तिन्ही नावे अक्षरशः सारखी करून घ्यावीत.

कर्ज वितरित झाल्यावर मूळ कागदपत्रे बँकेकडे ठेवून गहाण होत असेल, तर त्याची नोटीस ३० दिवसांत दुय्यम निबंधकाकडे दाखल करावी लागते आणि त्यासाठी स्वतंत्र मुद्रांक शुल्क पडते. हा खर्च कोणीच आधी सांगत नाही.

म्हाडाचा रस्ता

योजनेच्या तिन्ही मर्यादांत बसणारे घर सापडत नसेल, तर पुणे गृहनिर्माण व क्षेत्रविकास मंडळाच्या सोडतीकडे पाहावे. चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरील खासगी प्रकल्पांत २० टक्के घरे दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी राखीव ठेवावी लागतात, आणि तीही याच सोडतीतून येतात. अधिवास प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा पुरावा आधीच काढून ठेवावा, कारण जाहिरात निघाल्यावर त्यासाठी धावपळ होते. सोडतीत नाव लागले तरी कर्ज बँकेकडूनच काढायचे असते, त्यामुळे चौथी पायरी येथेही टळत नाही.

अनुदान सुरू झाल्यावर

कमाल अनुदान मिळाले, तर प्रत्येक हप्ता ३६ हजारांचा असतो. २५ लाखांच्या कर्जाचे दोन मासिक हप्तेही त्यात भरून निघत नाहीत. म्हणून या रकमेवर विसंबून आपली ऐपत ताणू नये. शिवाय प्रत्येक अनुदान हप्त्याच्या वेळी कर्जखाते चालू असले पाहिजे आणि निम्म्याहून अधिक मुद्दल शिल्लक असले पाहिजे. "कर्ज लवकर फेडा" हा घरोघरचा सल्ला येथे अनुदानावर पाणी सोडायला लावू शकतो. साडेआठ टक्के दराने आठ वर्षांची मुदत घेतली, तर केवळ नियमित हप्ते भरूनही पाच वर्षांअखेर सुमारे ४६ टक्केच मुद्दल उरते. वीस वर्षांच्या कर्जात ही अडचण येत नाही. भविष्य निर्वाह निधी किंवा गावाकडची जमीन विकून आलेला पैसा मात्र पाचवा अनुदान हप्ता जमा होईपर्यंत मुदत ठेवीत ठेवायचा की कर्जात भरायचा, याचा हिशेब कागदावर मांडून पाहावा. बदलत्या दराच्या गृहकर्जाला मुदतपूर्व परतफेडीचा दंड नसल्याने तो पैसा नंतर कधीही भरता येतो.